पोट न फाडता काढलेली गाठ

मंडळी, पोटात गाठ आहे म्हटलं की घरात रडारड सुरू होते. पण सगळ्या गाठी सारख्या नसतात. लहान असतानाच सापडलेली गाठ पोट न फाडता, तोंडावाटे काढता येते. ती कशी, ते ऐका.

ही विद्या जपानची. त्या देशात जठराचा कर्करोग फार. जठर म्हणजे खाल्लेलं अन्न जिथं पडतं ती पिशवी. १९५० साली तिथं नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा बसवला. रोग्यानं नळी गिळायची, आत फोटो काढायचे. फोटो धुऊन आले की मग कळायचं! आता नळीतून आतलं सगळं लगेच दिसतं. तिला आपण दुर्बीण म्हणतो.

जठराच्या भिंतीला थर असतात. आत मऊ अस्तर, बाहेर स्नायूंचा जाड थर. कर्करोग आधी अस्तरात उगवतो. तण कोवळं असलं तर खुरप्यानं निघतं. मूळ खोल गेलं की कुदळ घ्यावी लागते. इथंही तसंच आहे. अस्तरातच असलेली, २ सेंटिमीटरच्या आतली गाठ दुर्बिणीनं काढायला चांगली.

पण अशी गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून जपानात धडधाकट माणसांचीही तपासणी करतात. आपल्याकडे तशी सरसकट तपासणी होत नाही. तेव्हा शौचाला डांबरासारखं काळं झालं, वजन उतरू लागलं, जळजळ हटेना, तर सोडा आणि चूर्ण खात बसू नका. डॉक्टरांकडे जा.

आता गाठ काढतात कशी? गुंगीचं औषध देऊन दुर्बीण आत घालतात. सुईनं अस्तराखाली औषधी पाणी भरतात. भाजल्यावर कातडीला फोड येतो ना, तसं अस्तर फुगतं. गाठ वर येते, स्नायू खाली राहतो. मग विजेच्या बारीक सुरीनं भोवती कापून, खालून सोलून अख्खी चकती काढतात. सुरी आरपार गेली तर? म्हणून टोकियोच्या डॉक्टरांनी एका सुरीच्या टोकाला चिनी मातीचा मणी बसवला. युक्ती साधी, पण मोलाची. तरी कधी रक्त वाहतं, कधी भोक पडतं. हे काम शिकलेल्या हातांचंच.

चकती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मूळ खोल दिसलं तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. नसेल तर जठर शाबूत राहतं. जखम दोनेक महिन्यांत भरते. मात्र डॉक्टर पुढंही दुर्बिणीच्या तपासणीला बोलावतात. उरलेल्या अस्तरात नवी गाठ उगवू शकते.