परिपाठातला एक प्रश्न

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या माझ्या प्राथमिक शिक्षक बंधू-भगिनींनो,

कृष्णाकाठच्या सांगलीत आपलं मनापासून स्वागत. रात्रीचा प्रवास करून, सुट्टी बाजूला ठेवून आपण आलात, याचा आम्हा यजमानांना फार आनंद आहे.

याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. सगळ्या गावानं मनावर घेतलं म्हणून ते जमलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण साडेआठला मोबाइल पुन्हा हातात येतो. तिथून पुढचं काम आपलं: त्यावर आलेलं पारखायला मुलांना शिकवणं.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर पसरल्या होत्या. लिहितावाचता येणारी माणसंच असले निरोप पुढे ढकलत होती. ‘हे कोणी पाहिलंय?’ एवढं विचारायची सवय त्यांना कोणी लावली नव्हती. ती आठवीत संगणकाच्या तासाला लागेल, असं मला वाटत नाही. दुसरी-तिसरीत, परिपाठात बातमी वाचणाऱ्या मुलाला रोज विचारा, “बाळा, ही कुठून आणलीस?” पेपरातून, टीव्हीवरून की काकांच्या मोबाइलवरून, हे ते सांगू लागेल. मग ऐकणारी मुलंही विचारू लागतील.

दुसरं सांगणं फोटोंचं. गृहपाठ न केलेल्या मुलाला उभं करून त्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, ही माझी हात जोडून विनंती. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण मुलाला स्वतःला विचारायला कायदा कशाला हवा? “तुझा फोटो ग्रुपवर टाकू का?” असं बाईंनी विचारलं, की तिसरीतली पोर आधी गोंधळते, मग केस सारखे करते. एखादी स्पष्ट ‘नको’ म्हणते. त्या ‘नको’चा मान राखला गेला, तर मैत्रिणीचा फोटो पाठवताना तीही थांबेल.

ओटीपी, पासवर्ड, १९३० ही सायबर हेल्पलाइन यांवर दुपारी सत्र आहेच. परिपाठातले आपले प्रयोगही तिथं जरूर मांडा. चहाबरोबर सांगलीचं भडंग ठेवलंय, ते घेतल्याशिवाय कोणी जायचं नाही.

उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.