धुण्याचं मशीन



आज धुण्यावर बोलायचं आहे. हसा, पण ऐका. 1927 ला पाण्यासाठी महाडला लढलो, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या पाण्यात कुणी कुणाचे कपडे धुवायचे, हाही प्रश्न जातीचाच होता. गावात वरठी आपले कपडे घेत नव्हता. घेतले असते तर बाकीच्या गावानं त्याचं काम बंद केलं असतं. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं अशी सेवा नाकारणं गुन्हा ठरवलं. वरठ्यावर राग काढू नका, तोही त्याच उतरंडीत दबलेला. आपले गाडगेबाबा त्याच जातीतले, अमरावतीकडच्या शेंडगावचे. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी गाडगेबाबा.

आपले कपडे आपल्याच बायांनी धुतले. शहरात आल्यावर त्यांनी दुसऱ्यांचेही धुतले.

माझी माय इंदोऱ्यातून पायी धरमपेठेत धुण्याला जायची. एका घरी ती कपडे धुवून, पिळून बादलीत ठेवायची. मग घरची बाई त्यावर तांब्याभर पाणी ओतायची, तेव्हा कुठं ते दोरीवर जायचे. मळ मायनं काढायचा, विटाळ बाईनं.

1989 ला त्या घरी मशीन आलं. दोन टाक्यांचं. एकीत खाली चकरी, ती कपडे घुसळायची. दुसरीत ते गरगर फिरून पिळले जायचे. पण बादलीनं पाणी भरायचं हातानं, ओले कपडे या टाकीतून त्या टाकीत टाकायचे तेही हातानं. हात मायचेच. आणि गंमत बघा, आता बाई पाणी ओतेना! मायनं विचारलं, "बाई, आता नाही खंगाळत का जी?" "आता मशीनचं आहे ना," बाई म्हणाली. अर्धं काम मायचंच होतं, पण झाकण लागलं की माय दिसत नव्हती.

पाच वर्षांनी त्यांनी नवं घेतलं. जुनं आमच्याकडे आलं, मायच्या पगारातून दोन महिने पैसे कापून. सायकलरिक्षात आडवं घालून आणलं. नळ चौकात, म्हणून बादल्या आम्ही पोट्ट्यांनी भरायच्या. आमची फरशी उंचसखल, पिळायला लागलं की ते खोलीभर नाचायचं. मी वर बसायचो. मोहल्ल्यातल्या बाया गोधड्या घेऊन यायच्या. कुणी कुणाच्या कपड्यावर पाणी ओतलं नाही. दुपारी झोपलेली माय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आजीनं मात्र एक लुगडं मशीनला कधी दिलं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नेसलेलं, पांढरं. ते ती स्वतः धुवायची, नीळ घालून, सावलीत वाळवायची. त्याला कुणाचा हात लागू द्यायची नाही, मायचासुद्धा.

मशीनची मोटर जळाली, ते भंगारात गेलं. आज तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी आपोआप पाणी घेणारं, आपोआप पिळणारं मशीन आहे. नुसतं बटन दाबायचं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर तुम्ही कडक पांढरे शर्ट घालून येता. त्या शर्टासाठी घरात बटन कोण दाबतं? कॉलर कोण घासतं? वाळत कोण घालतं? की तिथंही झाकण लागलंय?

हा विषय पोरींनी लावला होता. आज तो पहिला घेतला आहे. मी खाली बसतो, आता त्या बोलतील. मधे बोलायचं नाही.