प्रयोगशाळेतील जबाबदारी : विद्यार्थ्याची आणि मार्गदर्शकाची

(मलकापूर येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे ज्यांचा सत्कार झाला त्यांतील काही मुले-मुली एम.एस्सी. होऊन पीएच.डी.साठी नाव नोंदवणार आहेत. ज्या घरांतून मॅट्रिक होणे ही एके काळी मोठी गोष्ट होती, त्या घरांतून आज संशोधक निघत आहेत. याचा आनंद आपल्या सर्वांना आहे. त्या आनंदात एक काळजीची गोष्ट बोलण्याची मला परवानगी असावी.

पालकांना वाटते, मुलगा कारखान्यात यंत्रावर नाही, प्रयोगशाळेत आहे, म्हणजे सुरक्षित आहे. हा समज खरा नाही. कारखान्यातील कामगारासाठी आपल्या देशात १९४८ सालीच कायदा झाला. प्रयोगशाळेतला विद्यार्थी मात्र ना धड कामगार, ना धड पाहुणा. त्याची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न पुष्कळदा अपघात झाल्यावरच विचारला जातो.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील एक घटना सांगतो. शेहरबानो संगजी ही २३ वर्षांची तरुणी तेथील विद्यापीठात संशोधन साहाय्यक होती. २९ डिसेंबर २००८ रोजी, नाताळच्या सुट्टीत, ती हवेशी संपर्क येताच पेट घेणारे एक रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, रसायन सांडले आणि अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. लॅब कोट अंगात नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. पुढे विद्यापीठावर आणि तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. विद्यापीठाचे प्रकरण २०१२ मध्ये आणि प्राध्यापकांचे २०१४ मध्ये तडजोडीने मिटले. पण लक्षात घ्या, हा खटला कामगार संरक्षणाच्या कायद्याखाली उभा राहू शकला, कारण ती पगारी नोकर होती. ती केवळ विद्यार्थिनी असती तर तो कायदा तिला लागू झाला नसता!

हे परदेशातच घडते असे नाही. बरोबर एक वर्षाने, २९ डिसेंबर २००९ रोजी, मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील एका रसायन प्रयोगशाळेत आग लागली आणि दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वायूच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक दगावला, तिघे जखमी झाले. या देशातील नामांकित संस्था आहेत. तेथे जे घडू शकते ते आपल्याकडे घडणार नाही, असे कोणी समजू नये.

निष्काळजीपणा प्रयोगशाळेच्या भिंतीआडही राहत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागात एक किरणोत्सारी कोबाल्टचे यंत्र होते. १९८५ पासून ते कोणी वापरत नव्हते. २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडले. एक कामगार गेला, इतर कित्येकांना किरणोत्साराची बाधा झाली. ज्याने ते यंत्र कधी पाहिलेही नव्हते त्या गरिबाने विद्वानांच्या विस्मरणाची किंमत दिली.

आता माझीच एक गोष्ट कबूल करतो. मी मार्गदर्शक असताना एका विद्यार्थिनीला रात्रीच्या कामासाठी किल्ली दिली. काम लवकर व्हावे ही घाई माझी होती. तिच्या हातून बाटली फुटली आणि ॲसिड मनगटावर उडाले. सोबत कोणी नव्हते. तिने स्वतःच नळाखाली हात धरला म्हणून निभावले. सकाळी ती मला म्हणाली, "सर, माझी चूक झाली." मी मान डोलावली. मित्रहो, चूक तिची नव्हती, माझी होती. ते तिला सांगायला मला दोन वर्षे लागली.

म्हणून मार्गदर्शकांना माझे सांगणे आहे. नवे काम विद्यार्थ्याच्या हाती देण्यापूर्वी ते त्याच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा. धोक्याचे काम एकट्याला, अवेळी करू देऊ नका. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठपेक्षा अधिक पीएच.डी. विद्यार्थी नसावेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२ चा नियम आहे. पण आठांकडे लक्ष देणे हेही लहान काम नाही. निवृत्त होताना कपाटात काय काय आहे याची यादी पुढच्याच्या हाती द्या. आणि विद्यार्थी "हे मला येत नाही" म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका. तो प्रामाणिकपणे बोलतो आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमचीही जबाबदारी आहे. सुती कोट, चष्मा आणि बंद बूट यांवाचून आत पाऊल टाकू नका. नायलॉन वितळून कातडीला चिकटते, हे ध्यानात ठेवा. मुलींनी ओढणी कोटाच्या आत घ्यावी, केस बांधावेत. पिपेट तोंडाने ओढू नका. ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. सिलिंडर भिंतीशी साखळीने बांधलेला असावा. आपल्या गावातच वैद्यकीय महाविद्यालय आहे; जे रक्ताचे नमुने हाताळतील त्यांनी कावीळ-ब ची लस घ्यावी, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच तर लपवू नका. एचआयव्हीपासून बचावाचे औषध शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. लाजेपायी गप्प बसलेला विद्यार्थी तेवढे तास गमावतो.

मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबवून नाव मिळवले. प्रयोगशाळेतही डोळे व अंग धुण्याचा नळ असाच सदैव वाहता हवा. रसायन उडाले तर निदान १५ मिनिटे पाण्याखाली धरा. डॉक्टरकडे धावण्याआधीचा हाच उपचार.

शेवटी पालकांना विनंती. मूल सुट्टीत घरी आले की "किती पेपर छापले?" एवढेच विचारू नका. "रात्री तुझ्याबरोबर कोण असते? आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठे?" हेही विचारा. उत्तर देता आले नाही, तर त्या प्रयोगशाळेत काहीतरी कमी आहे असे समजा आणि त्याला ते मार्गदर्शकांना विचारायला लावा.

पदवी एक वर्ष उशिरा मिळाली तर काही बिघडत नाही. गेलेला जीव मात्र कोणतेही विद्यापीठ परत देऊ शकत नाही.