गवतातली मरळ
(रेडिओवरील भाषण)



कामठीजवळ बिना गावाच्या परिसरात कन्हान, पेंच आणि कोलार या तीन नद्या एकत्र येतात. तिथून कन्हान कामठीच्या काठाने वाहते आणि पुढे आंभोऱ्याला वैनगंगेला जाऊन मिळते. पावसाळ्यात तिचं पात्र दोन्ही थड्या भरून वाहतं. उन्हाळ्यात मात्र वाळू उघडी पडते आणि ठिकठिकाणी डोह उरतात. या डोहांच्या कडेला गुडघाभर-कमरेभर पाणी असतं. त्यात लव्हाळं, पाणगवत आणि शेवाळाचे पुंजके माजलेले असतात. आसपासच्या तळ्यांत आणि बोड्यांतही काठाचं पाणी असंच असतं, कुठे कमळाच्या पानांनी, कुठे शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेलं.

गळ घेऊन नव्याने आलेला माणूस हे पाणी टाळतो. गळ गवतात अडकतो, दोरा तुटतो, म्हणून तो मोकळं, खोल पाणी शोधतो. आज मी त्याने टाळलेल्या त्या उथळ, गवताळ पाण्याबद्दलच बोलणार आहे, कारण आपल्या विदर्भातली मोठी शिकारी मासळी, मरळ, तिथेच राहते. मरळीला गळाला लावायचं असेल तर आधी ते गवत समजून घ्यावं लागतं. आणि गवत समजलं की माणूस त्याची काळजीही घेऊ लागतो, असं माझं ठाम मत आहे.

मरळीचं अंग लांब, गोल आणि काळपट असतं, डोकं सापासारखं चपटं. तोंडात बारीक, धारदार दात असतात. मोठ्या जातीची मरळ मीटरभर लांब वाढू शकते. तिच्या लहानपणी शेपटीच्या मुळाशी एक काळा, गोल डाग दिसतो. तिच्या शरीरातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र बाहेरून दिसत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, हवेतला प्राणवायू शोषून घेणारा एक खास अवयव असतो. त्यामुळे ती ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येते, हवेचा घोट घेते आणि परत खाली जाते. मे महिन्यात बोडीचं पाणी तापतं, आटतं, त्यातला प्राणवायू सरतो. रोहू आणि कतला अशा पाण्यात तडफडतात, पण मरळ तग धरून राहते. पाणी आटलं तरी ओलसर चिखलात ती बराच काळ जगते. बाजारात मरळ टोपलीत जिवंत विकायला ठेवता येते, तीही याच गुणामुळे.

गळ टाकणाऱ्यासाठी या एका गोष्टीत सगळं आलं. श्वास घ्यायला वर येणारा मासा आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. सकाळी उन्हं चढायच्या आत काठापासून चार पावलं मागे उभं राहावं आणि नुसतं बघत राहावं. पायांचा धमका जमिनीतून पाण्यात जातो, म्हणून चालायचंही हलकं. थोड्या वेळाने गवताच्या फटीत पाणी किंचित उचललं जातं, ‘पच्’ असा बारीक आवाज येतो, एक-दोन बुडबुडे फुटतात. तिथे मरळ आहे. कधी गवताच्या काड्या वारा नसताना हलतात, कधी बारीक मासोळ्या एकदम पाण्याबाहेर उड्या मारतात. तीही तिचीच खूण.

आता आमिष. आपल्याकडचे ढिवर आणि भोई पिढ्यान्‌पिढ्या मरळीसाठी गरीला जिवंत बेडूक किंवा मासोळी लावत आले. मरळ बेडकावर झेप घेते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आजचा रबरी बेडूक त्याच ज्ञानावर उभा आहे. हा बेडूक एकदा हातात घेऊन नीट बघण्यासारखा असतो. अंगठ्याहून जरा मोठा, आतून पोकळ, दाबला की चेपणारा. मागे रबरी झालरीचे दोन पाय. पोटातून निघालेले दोन गळ वर वळून पाठीला लागूनच बसलेले, त्यांची टोकं पाठीच्या मऊ रबराला टेकलेली. म्हणून तो पानांवरून, शेवाळावरून घसरत येतो आणि अडकत नाही. मरळीने जबड्यात धरून दाबला की पोकळ अंग आत जातं आणि दोन्ही टोकं उघडी पडतात. या आमिषाची सगळी करामत एवढ्याच रचनेत आहे.

जिवंत बेडकापेक्षा हा रबरी बेडूक मला आणखी एका कारणाने बरा वाटतो. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात आपल्या देशाने 1987 मध्ये बंद केली, कारण शेतातले किडे खाणारा बेडूक झपाट्याने कमी होत होता. धानाच्या बांध्यांतून त्याची गरज आजही तितकीच आहे. एक रबरी बेडूक नीट वापरला तर हंगामभर पुरतो आणि तेवढे खरे बेडूक बांधीत राहतात.

टाकण्याची पद्धत अशी. मासा दिसला त्याच जागी आमिष कधीही आदळू नये. त्याच्या पलीकडे, 2-3 मीटर पुढे टाकावं, शक्यतो गवतावर किंवा पानावर, म्हणजे आवाज दबतो. क्षणभर तसंच राहू द्यावं. मग काठीच्या टोकाने हलके झटके देत पानांवरून सरकवत आणावं. दोन पुंजक्यांमधली मोकळी फट आली की थांबावं. अंगावर येणारा बेडूक थबकला की मरळीला राहवत नाही आणि बहुतेक वेळा ती त्या थांबण्यावरच झेप घेते.

झेप घेताना पाणी फाटल्यासारखा आवाज होतो आणि टाकणाऱ्याचा हात आपोआप मागे येतो. पुष्कळ मासे इथेच सुटतात. मरळ आधी बेडूक पकडते, मग तो तोंडात फिरवते. बेडूक पूर्ण दिसेनासा झाला, दोरा एका बाजूला सरकू लागला, की मग ताकदीने काठी उचलावी. त्यानंतर मात्र ढील द्यायची नाही. मरळ सरळ खाली जाते आणि गवताच्या मुळांत दोरा गुंडाळते. म्हणून इथे साधा नायलॉनचा बारीक दोरा कामाचा नाही. विणलेला, न ताणणारा, जाड दोरा आणि साडेसहा-सात फुटांची ताठ काठी हवी. दोरा कच्चा असला तर तो तुटतो आणि मासा गळ जबड्यात घेऊनच निघून जातो. ही इजा टाळणं आपल्या हातात असतं. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर मासा सोडणंही सोपं जातं.

हंगामाचं म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मरळ सुस्त असते. होळीच्या आसपास पाणी तापायला लागलं की ती काठाला येते आणि मृगाच्या आधीपर्यंत सकाळ-संध्याकाळ चांगली शिकार करते.

कामठीला या छंदाच्या लेखी इतिहासाचाही एक धागा जोडता येतो. इथली छावणी 1821 मध्ये वसली आणि बराच काळ मद्रास फौजेच्या ताब्यात होती. त्याच मद्रास इलाख्यातल्या हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि 1887 मध्ये ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ ही पुस्तकं लिहिली. दुसरं पुस्तक तर खास तळ्यातल्या मासेमारीवर आहे. गावाजवळच्या तळ्यात गळ टाकणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे त्यातून इंग्रजी वाचकांपुढे आलं. ढिवरांच्या घरात मात्र हा अभ्यास पुस्तकाविनाच चालत आला होता.

जगात इतरत्रही गवताळ पाण्याचं शास्त्र असंच त्या त्या माशाच्या शरीरावरून ठरतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 1965 मध्ये वॉलआय हा आपला राज्यमासा ठरवला. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्य स्पष्ट दिसतं. म्हणून तिथले लोक दिवस मावळताना, पाणवनस्पतींच्या शेंड्यांना जेमतेम स्पर्श होईल अशा बेताने, हलकं आमिष ओढत आणतात. वॉलआयसाठी उजेडाची वेळ बघायची, मरळीसाठी श्वासाची. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तर मरळीलाच राज्यमासा केलं आहे.

याच अमेरिकेने मरळीच्या कुळाची धास्तीही घेतली. 2002 मध्ये मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात चीनकडच्या जातीची मरळ सापडली. कुणीतरी विकत आणलेले मासे तळ्यात सोडले होते आणि त्यांची पिल्लावळ वाढली होती. सरकारने औषध घालून त्या तळ्यातले सगळे मासे मारले आणि त्याच वर्षी या कुळाच्या जिवंत माशांच्या आयातीवर बंदी घातली. तरीही पुढे पोटोमॅक नदीत ती पसरलीच. श्रोतेहो, कूळ तेच, पण तिथे ते परकं आहे आणि इथे घरचं. परक्या पाण्यात मरळीची चिवट ताकद उपद्रव ठरते. आपल्या तळ्यात इथली मरळ बारीक, दुबळ्या माशांची संख्या आटोक्यात ठेवते. बाहेरचा मासा हौसेने आपल्या पाण्यात सोडू नये, हा धडाही त्यातूनच घ्यायचा.

आता मनापासून सांगायची गोष्ट. पावसाच्या सुमारास मरळीची जोडी गवतातली थोडी जागा साफ करते. तिथे अंडी पाण्यावर तरंगतात आणि आई-बाप खाली पहारा देतात. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात. थोड्याच दिवसांत ती लालसर-नारिंगी होतात आणि शेकड्यांनी एकत्र फिरतात. गवताच्या फटीत केशरी रंगाचा एक झुलता पुंजका दिसतो, सगळी पिल्लं श्वासासाठी एकदम वर येतात, पाण्यावर पावसाच्या थेंबांसारखी टिपटिप होते, आणि त्यांच्या खाली मोठी सावली हळूहळू सरकते. काही आठवडे आई-बाप त्यांना सोडत नाहीत.

या काळात पुंजक्यावर टाकलेलं कुठलंही आमिष मरळ घेते. भूक नसली तरी पिल्लांच्या रक्षणासाठी ती अंगावर धावून येते. म्हणूनच त्या वेळी तिला पकडणं फार सोपं असतं, आणि म्हणूनच ते करू नये. आई-बाप उचलले की थोड्याच वेळात इतर मासे आणि पाणपक्षी पिल्लं संपवतात. एका माशापायी अख्खी पिढी जाते. पुंजका दिसला की काठी खाली ठेवावी, यात माझ्या लेखी दुसरा पर्याय नाही.

आणि गवताचं काय? सगळं गवत सारखं नसतं. गाद, चिला यांसारख्या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, कमळ, काठावरचं लव्हाळं, यांच्या आधाराने मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, पाणी निवळ राहतं. जलपर्णी आणि बेशरम मात्र पाणी गिळत जातात. पूर्व विदर्भात सुमारे 7 हजार मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले तलाव, आहेत. मालगुजारी गेल्यावर त्यांतल्या अनेकांची देखभाल सुटली आणि बेशरम माजली. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात तलावांवर काम करणाऱ्या मनीष राजनकर यांनी आणि तिथल्या ढिवर बंधुभगिनींनी तलावांतली बेशरम उपटून, जुन्या माणसांना विचारून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठलं गवत ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे ढिवरांकडूनच शिकायला हवं, हे त्या कामाने दाखवून दिलं.

आमच्या कामठीच्या बाजूला दुखणं निराळं आहे. वीजकेंद्रांची राख कोलार-कन्हानच्या पाण्यात येते. जुलै 2022 मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, तेव्हा राखेचा गाळ शेतांवर आणि नाल्यांतून पसरला. राख तळाशी बसली की पाणवनस्पतींना उजेड मिळत नाही आणि रुजायला माती मिळत नाही. गवत गेलं की मरळीचं घर गेलं. नदीकाठच्या गावांनी राखेबद्दल सतत बोलत राहायला हवं, आणि गळ टाकणाऱ्यांनी त्यांच्या बरोबरीने बोलायला हवं, कारण पाण्याकडे रोज इतक्या जवळून बघणारे फार थोडे असतात.

तेव्हा या वर्षी गळ घेऊन निघणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तळं मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी संस्थेला विचारा, ती त्यांची भाकर आहे. तुटलेला दोरा गवतात सोडू नका, त्यात बगळ्यांचे आणि वारकरी पक्ष्यांचे पाय अडकतात. सोडायच्या मरळीला ओल्या हातांनी धरा. पावसाळ्यात केशरी पुंजका दिसला तर ती जागा सोडा, आणि सोबतच्या पोरांना का सोडली तेही सांगा. मरळ धरण्याचं कौशल्य कुणालाही शिकता येतं. तिचं पाणी राखणारे हात मात्र गावोगाव तयार करावे लागतील, आणि ते काम गळ टाकणाऱ्यांनीच पुढे होऊन उचलावं.