हे खरे आहे काय?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोर्चा कसा काढायचा हे या बैठकीत कुणाला शिकवायची गरज नाही. निवेदन लिहिणे तर सगळ्यांना पाठ आहे. 'मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे शेवटचे वाक्य तुम्ही झोपेतही लिहून द्याल. साहेब निवेदन घेतात, पोच देतात आणि कागद फायलीला लागतो. त्याला उत्तर गेले नाही म्हणून कुणाची झोप उडत नाही. आज मी अशा कागदाबद्दल बोलणार आहे, की जो आला म्हणजे ऑफिसातल्या माणसांची झोप उडते. तो म्हणजे आमदाराने किंवा खासदाराने सभागृहात लावलेला लेखी प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत शेतकरी आत्महत्यांवर प्रश्न आला. मदत व पुनर्वसन खात्याच्या मंत्र्यांनी लेखी उत्तर दिले. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. तीन महिन्यांचे दिवस ९०. म्हणजे रोज आठांहून जास्त घरे. या ७६७ पैकी २०० प्रकरणे मदतीला अपात्र ठरवली गेली आणि १९४ चौकशीत होती.

हाच आकडा मी या माईकवर सांगितला असता, तर 'चळवळवाले फुगवून सांगतात' म्हणून मोकळे झाले असते. इथे सरकारने आपल्या तोंडाने कबूल केले आणि ते छापून ठेवले. आता मागे फिरता येत नाही. आपले काम तिथून पुढे सुरू होते. हे २०० अपात्र का झाले? गावात बसून तुम्हा-आम्हाला कारणे ठाऊक असतात. कर्ज सावकाराचे, सावकाराजवळ परवाना नाही, म्हणून सरकारच्या लेखी ते कर्जच नाही. शेती मक्त्याने केलेली, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, म्हणून तो शेतकरीच नाही. पण आपल्याला ठाऊक असणे वेगळे आणि सरकारने लिहून देणे वेगळे. तेव्हा दुसरा प्रश्न असा लागला पाहिजे: या २०० पैकी किती प्रकरणे कर्ज परवानाधारक सावकाराचे नाही म्हणून नाकारली, किती जमीन नावावर नाही म्हणून नाकारली, जिल्हावार आकडे द्या. आणि तिसरा: २००६ साली ठरवलेली एक लाखाची मदत २०२५ सालीही एक लाखच होती, ती वाढवण्याचा प्रस्ताव कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेपासून पडून आहे?

आता हा प्रश्न जातो कसा ते ऐका. सभागृहात तोंडी उत्तरासाठी लावतात तो तारांकित प्रश्न. त्याच्यावर उपप्रश्न विचारता येतो, मंत्र्याला उभे राहून बोलावे लागते. पण तासाभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे यादीत छापून येतात. दुसरा अतारांकित. त्याला फक्त लेखी उत्तर. वर्तमानपत्रवाल्यांना त्यात गोडी नाही, कारण त्यात गोंधळ नाही, सभात्याग नाही. मला विचाराल तर आपल्या कामाचा हाच जास्त. मंत्र्याचे भाषण वाऱ्यावर जाते. छापील यादी राहते.

प्रश्न स्वीकारला की तो विधान भवनातून मंत्रालयातल्या खात्याच्या टेबलावर जातो. तिथल्या माणसाला तुमचे गाव ठाऊक नसते. तो खाली पाठवतो. आयुक्तालयाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून तलाठी आणि कृषी सहायकाला. (या दोघांची नावे आता कागदावर बदलली आहेत. हुद्दे बदलायला सरकारला वेळ मिळतो.) ऑफिसात याला 'एलएक्यू' म्हणतात. 'एलएक्यू आलाय, आज संध्याकाळपर्यंत माहिती द्या' असा फोन आला, की सहा महिने न सापडलेली फाईल दुपारच्या जेवणाआधी सापडते. कारण सभागृहाला जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर हक्कभंगाचा बडगा बसू शकतो. तुमच्या निवेदनाला तसला काही बडगा नाही.

पण सरकारी माणूसही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. उत्तर द्यायचे बंधन आहे, माहिती सुटू द्यायची नाही, ही कसरत त्याला पिढ्यान् पिढ्या जमलेली आहे. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: 'हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तराचाही साचा ठरलेला: 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'माहिती घेण्यात येत आहे', आणि सगळ्यांचा राजा, 'प्रश्न उद्भवत नाही'.

आमदार प्रश्न लावतो: 'पीकविमा कंपन्यांकडून कापूस उत्पादक शेतकऱ्यांवर घोर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?' उत्तर येते: 'हे खरे नाही.' पुढचे तीन पोटप्रश्न: 'प्रश्न उद्भवत नाही.' संपले! चूक कुणाची? अन्याय मोजायचे माप सरकारी दप्तरात नसते. जे मोजता येते तेच विचारा. खरीप २०२५ पासून राज्याने शेतकऱ्याने वैयक्तिक पूर्वसूचना देण्याची जुनी बाब काढली आणि विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. मग प्रश्न असा बांधा: अमुक महसूल मंडळात खरीप २०२५ मध्ये कापसाचे किती पीक कापणी प्रयोग झाले, कोणत्या गावांत, प्रत्येक वेचणीची तारीख काय? प्रत्येक प्रयोगात कापूस किती निघाला, मंडळाचे उंबरठा उत्पादन किती? प्रयोगाच्या वेळी कोण कोण हजर होते? भरपाई बसली असल्यास किती शेतकऱ्यांना, किती रुपये, कोणत्या तारखेला जमा झाली? आता 'हे खरे नाही' म्हणायला जागाच नाही. आकडा तरी द्यावा लागतो, नाहीतर आकडा नाही असे कबूल करावे लागते. कापसाच्या वेचण्या दोन-तीन असतात. एकीचीच तारीख आली, तर बाकीच्या वेचण्यांचा कापूस कुणी मोजला, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. आणि ज्याच्या वावरात प्रयोग झाला म्हणून लिहिले आहे, तो तर आपल्याच गावचा माणूस. त्याला विचारायला मुंबईला जावे लागत नाही.

'नोंद नाही' हे उत्तरसुद्धा फुकट समजू नका. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर शेतकरी बसले होते. त्या आंदोलनात जे मेले त्यांच्या घरच्यांना मदत देणार काय, असा प्रश्न संसदेत आला. केंद्रीय कृषी मंत्रालयाचे २०२१ च्या हिवाळी अधिवेशनातले लेखी उत्तर असे, की मंत्रालयाकडे याची नोंद नाही, त्यामुळे मदतीचा प्रश्न उद्भवत नाही. या एका वाक्याने सरकारची जेवढी शोभा झाली, तेवढी दहा सभांनी झाली नसती.

आणखी एक गोष्ट, जिथे आपली माणसे हमखास घसरतात. कुणाला विचारायचे? एकाच वावरातली दोन पिके, पण ज्वारीचा प्रश्न मुंबईत आणि कापसाचा दिल्लीत. ज्वारीचे खरेदी केंद्र उघडले नाही, बारदाना नाही, ही बाब राज्याच्या खात्यांची, आमदाराला धरा. कापूस हमीभावाने घेते सीसीआय, ती केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली, खासदाराला धरा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. या काळात किती गाठी आल्या, आपल्या जिल्ह्यातली केंद्रे कोणत्या तारखेला सुरू झाली, ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून किती गाड्या परत पाठवल्या, हे आमदाराने विधानसभेत विचारले तर उत्तर तयार आहे: 'ही बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे.' लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात, आणि नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते. आपल्या मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांसाठी तर कित्येक आठवडे आधी. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदाराच्या बंगल्यावर धाव घेणारा कार्यकर्ता पेरणी झाल्यावर बियाणे आणायला निघालेला असतो.

लेखी प्रश्नाने काय होते असे कुणी विचारील. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. संसदेत साधा प्रश्न आला, उत्तर गुळमुळीत आले. पण फिरोज गांधी यांनी पिच्छा सोडला नाही. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार, पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. सगळे सुरू झाले ते एका प्रश्नातून, आणि टिकले ते पिच्छा पुरवल्यामुळे.

याची दुसरी बाजूही सांगतो. प्रश्नाला ताकद आहे म्हणून त्याला बाजारभावही आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून ११ जणांना काढून टाकले. त्यांत दोघे खानदेशातले, कापसाच्या पट्ट्यातून निवडून गेलेले. आपल्या कापसाला भाव नाही, पण आपल्या मतांवर मिळालेल्या प्रश्नाला होता! तेव्हा आमदार म्हणाला 'तुमचा प्रश्न लावला', की लगेच टाळ्या वाजवू नका. प्रश्नाचा क्रमांक मागा. यादीत तो छापून आला का बघा. उत्तर आले का, आणि त्या दिवशी साहेब सभागृहात होते का, तेही बघा. प्रश्न लावून खात्याला घाबरवायचे आणि मग गप्प बसायचे, हा धंदा करणारे सगळ्या पक्षांत आहेत.

हे हत्यार आपल्याला काल मिळालेले नाही. १८९२ च्या कायद्याने इंग्रजांनी कौन्सिलात प्रश्न विचारू दिला, तोही उपप्रश्नाशिवाय. उपप्रश्न यायला १९०९ उजाडले. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक मुंबई कौन्सिलात होते. त्यांनी आणि सार्वजनिक सभेच्या लोकांनी सरकारचाच फॅमिन कोड मराठीतून गावोगाव सांगितला: तुमच्याच पुस्तकात साऱ्याची सूट लिहिली आहे, मग द्या. सरकारला त्याच्याच कागदात धरायचे, ही रीत आपल्याकडे तेव्हापासूनची.

तर आता कामाचे. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एकच प्रश्न आणायचा, दहा नकोत. त्याबरोबर गावाचे आणि महसूल मंडळाचे नाव, तारखा, शासन निर्णयाचा दिनांक आणि पुरावा. परत आलेल्या गाडीची पावती, विम्याची पावती, नाकारल्याचे पत्र, जे असेल त्याची झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, माझ्याही नाही. ज्या घरात आत्महत्येचे प्रकरण अपात्र झाले आहे, त्यांच्याकडून नाकारण्याचे कारण लेखी घ्या. तोंडी सांगितले असेल तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून काढा. त्यासाठी तीस दिवस लागतात, म्हणून आजच लागा. बायांनी हे काम अंगावर घेतले तर जास्त बरे. त्या घरात मागे बाईच राहिलेली असते, आणि ती आपल्या गड्यांपुढे बोलत नाही. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की प्रश्न आमदार-खासदाराच्या हातात, पोच आपल्या हातात. उत्तर आले की ग्रामसभेत मोठ्याने वाचायचे आणि ज्याच्या वावराबद्दल लिहिले आहे त्याला उभे करून विचारायचे: हे खरे आहे काय?