नाव ठेवणे आणि नावे ठेवणे
(विहाराच्या वर्धापनदिनी कराड येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनी आम्ही दोन शब्द बोलावेत असा कमिटीचा आग्रह झाला. आम्ही काही पंडित नव्हे. सारी हयात शाळामास्तरकीत गेली. दर जूनला नव्या पोरांची नावे रजिस्टरला चढवायची, हे काम तीस वर्षे केले. म्हणून आज आपल्या लेकरांच्या नावांवरच बोलणार आहोत.

मराठीत एक गंमत आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे नालस्ती करणे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात आपल्या वस्तीत ही दोन्ही कामे एकाच दिवशी उरकत. दगडू, धोंडू, कचरू, केरबा, उकिर्डा, भिकू! असे का? तर लेकरं जगत नव्हती. दोन-तीन दगावली की पुढच्याला असे टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर पडणार नाही, अशी भाबडी समजूत. ही रीत सगळ्याच जातींत होती. महर्षी कर्व्यांचेही नाव धोंडो केशवच होते. पण फरक पुढे पडायचा. इतरांचा धोंडो मोठेपणी धोंडोपंत व्हायचा आणि आपला धोंडू म्हातारा झाला तरी गावाच्या तोंडी धोंड्याच राहायचा.

हे नुसते रीतीने झाले नाही, त्याला शास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे, आणि शूद्राचे नाव किळस यावी असे असावे! म्हणजे पाळण्यातच माणसाची किंमत ठरवून टाकायची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ते पुस्तक का जाळले, हे ज्याला समजत नसेल त्याने आपल्या पणजोबाचे नाव आठवावे.

आमच्या वडिलांचे नाव भिकू. दीक्षा घेतल्यावर ते हसून म्हणायचे, "तुमी आत्ता बौद्ध झालासा, माझं नाव तर आधीपासनंच भिक्खू हाय!" ते हसत, पण आम्हाला लाज वाटे. नोकरीत असताना आम्ही सही करताना वडिलांच्या नावाचे नुसते 'भि.' एवढेच अक्षर लिहीत होतो. आज त्या लाजेचीच लाज वाटते. लेकरू जगावे म्हणून आजीने केलेली ती धडपड होती. तेव्हा पोरांनो, त्या नावांना हसू नका.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपला हजेरीपट पालटला. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन, सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा अशी नावे आली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईच्या कॉलेजला सिद्धार्थ नाव दिले. औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद नाव दिले. मिलिंद शब्दाचा संस्कृतात अर्थ भुंगा. पण आपला मिलिंद तो नव्हे. तो ग्रीक राजा मिनँडर. त्याने भिक्खू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारले आणि उत्तरे पटली तेव्हाच मान्य केली. 'मिलिंदपञ्ह' म्हणजे त्याचेच प्रश्न. ज्या घरात मिलिंद आहे त्या घरात त्याच्या प्रश्नांना "गप बस" म्हणू नये.

कुणी म्हणेल, ही नावे आता आणलेली आहेत, आपल्या मातीतली नाहीत. त्याने आगाशिवच्या डोंगरावर जावे. जखिणवाडीच्या अंगाला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. आपण तिथे पोरांना सहलीला नेतो, डबे खातो आणि परत येतो. तिथल्या एका शिलालेखात एका दात्याचे नाव आहे. गोपालाचा मुलगा संघमित्र, त्याने दिलेले लेणे, हे त्याचे धम्मदान. मुलाचे नाव संघमित्र, म्हणजे संघाचा मित्र, आणि बापाचे नाव गोपाल, म्हणजे गाई राखणारा! आपल्या घरी काय झाले? आजोबा केरबा, नातू संघमित्र. हाच फेरा दोन हजार वर्षांपूर्वी याच कराडच्या डोंगरावर कोरला गेला आहे. आणि मध्यप्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर 'करहाकट' गावच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. करहाकट म्हणजे आपले कराड असे विद्वान मानतात. तेव्हा ही नावे उसनी नाहीत. घरची होती, ती मध्यंतरी हरवली होती.

आता जीवकाची गोष्ट ऐका. राजगृहात एक तान्हे बाळ सुपात घालून उकिरड्यावर टाकले होते. कावळे जमले. राजपुत्र अभय तिकडून जात होता. त्याने विचारले, "ते काय आहे?" माणसे म्हणाली, "बाळ आहे." "जिवंत आहे का?" "जिवंत आहे." म्हणून त्याचे नाव जीवक पडले. पुढे तो तक्षशिलेला शिकला, मोठा वैद्य झाला आणि त्याने खुद्द भगवंतांवर उपचार केले. आपल्याकडे धडधाकट पोराला उकिर्डा म्हणत आणि तिथे उकिरड्यावर सापडलेल्या पोराचे नाव त्याच्या जगण्यावरून ठेवले. आम्हाला धम्माची नजर समजली ती या एका नावावरून.

पण नाव ठेवणाऱ्यांना नावे ठेवायला आम्हाला तोंड आहे का? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. ती ओळ आज जपून ठेवली आहे. आमच्या हातच्या एका ओळीचे काय झाले ते सांगतो. एक माउली पोरीला घेऊन शाळेत आली. नाव विचारले तर म्हणाली, "उत्पलवर्णा." वर्षावासात ऐकून तिने ते नाव ठेवले होते. उत्पलवर्णा म्हणजे निळ्या कमळाच्या वर्णाची. भगवंतांच्या दोन अग्र भिक्खुनींपैकी ती एक. आम्ही म्हणालो, "बाई, एवढं जड नाव कुणाला म्हणता येतंय? उज्ज्वला लिहितो." ती बिचारी अंगठेबहाद्दर. मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असे समजून गप्प बसली.

वीस वर्षांनी ती पोरगी आमच्या दारात आली. जन्मदाखल्यावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, म्हणून नोकरीचे कागद अडले होते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, हेलपाटे. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, आई गेली. तिनं मला दिलेलं तेवढंच हुतं." आम्ही बौद्ध, आम्ही शिकलेले, आणि आमच्याच पेनाने एका आईचा शब्द खोडला! हे ओझे आजवर कुणापुढे उतरवले नव्हते. आज तुमच्यासमोर उतरवतो.

आपल्याच सातारा जिल्ह्यात मुली नकोत म्हणून पोरींना 'नकुशी' नाव देत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात सरकारी समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. वैशालीलाच महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश मिळाला आणि भिक्खुनी संघ उभा राहिला. त्या पोरीला हे कुणी सांगितले असेल का? आणि आपल्या वस्तीत कधी नकुशी नव्हती, असे तरी छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

हल्ली नवी तऱ्हा आहे. मोबाइलवर नाव शोधतात, अर्थ तीन ठिकाणी तीन असतो. काही घरांत अजून विचारतात, "अक्षर कोणतं आलंय?" बाबांनो, धम्मात नक्षत्राच्या अक्षराला काय काम? आणि काही तरुण आईबाप दबक्या आवाजात म्हणतात, "गुरुजी, ओळखू येणार नाही असं नाव सांगा. उद्या शहरात खोली मिळत नाही." ही भीती खोटी नाही. आम्ही स्वतः 'भि.' लिहीत होतो, आम्ही कोणत्या तोंडाने त्यांना दटावणार? एवढेच सांगतो की, नाव लपवून खोली मिळेल, पण त्या खोलीत रोज लपून राहावे लागेल. ठरवायचे ते तुम्हीच ठरवा, पण ते भीतीने ठरवू नका.

उलट, नुसत्या नावाने माणूस मोठा होतो असेही नाही. जातकात पापक नावाचा एक विद्यार्थी आहे. त्याला आपले नाव नकोसे झाले. गुरू म्हणाले, फिरून चांगले नाव शोधून आण. वाटेत प्रेतयात्रा दिसली. मेलेल्याचे नाव जीवक! पुढे एका दासीला मालक मारत होता. तिचे नाव धनपाली! पुढे एक जण वाट चुकला होता. त्याचे नाव पंथक! पापक परत आला आणि आपल्याच नावाने सुखी झाला. वासेट्ठ सुत्तातही भगवंतांनी हेच सांगितले आहे. नाव-गोत्र लोकांनी ठरवलेले असते, माणूस ठरतो तो कर्माने.

मग नावाला एवढे महत्त्व का? कारण लेकराचे नाव लेकराविषयी फारसे सांगत नाही. ते ठेवणाऱ्याविषयी सांगते. लेकराकडे बघून आपल्या मनात काय आले, उकिरडा आला की जगणे आले, हे त्यात कायमचे लिहिलेले असते.

म्हणून दोन विनंत्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव ठरले नसेल तर ते एका वर्षाच्या आत विनामूल्य चढवता येते. ते शुद्ध लिहून घ्या आणि शाळेतही तेच द्या. मास्तर दुसरे सुचवू लागला तर ऐकू नका, मग तो आमच्यासारखा आपलाच असला तरी. दुसरी विनंती विहाराला. इथे एक वही ठेवा. नामकरण विधीत त्रिशरण-पंचशील झाले की त्या वहीत लेकराचे नाव, त्याचा अर्थ आणि ते कुणी सुचवले, हे लिहा. आणि पोर समजते झाले की त्याला तो अर्थ वाचून दाखवा.

वही आम्ही आणली आहे. पहिली ओळही लिहून आणली आहे. उत्पलवर्णा, निळ्या कमळाच्या वर्णाची, नाव तिच्या आईने ठेवले.

जयभीम! नमो बुद्धाय!