शेजारची मोकळी जागा

(माघ महिन्यातील कीर्तन, मुलुंड. नमन, मंगलाचरण व मूळपद झाल्यानंतरचे पूर्वरंगाचे निरूपण.)

मायबाप श्रोतेहो, आणि हे छापून निघाल्यावर घरी खुर्चीत बसून वाचणारे वाचकहो, तुम्हांलाही नमस्कार. तुम्हांला पेटी-तबला ऐकू येणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मूळपदाचा विषय आपण ऐकलात. वस्त्र जुनं होतं, ते टाकून नवं घ्यायचं, नेसणारा तोच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला हा दाखला दिला. मी तो चाळीस वर्षं सांगतोय. झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण सांगणं वेगळं आणि उमजणं वेगळं, बरं का! मला तो उमजला कुठे? आळंदीला नाही, पंढरपूरला नाही. उमजला जपानात. हसा, हसा. मीही हसलो असतो.

झालं असं, की माझा मुलगा टोकियोला नोकरीला आहे. निशिकासाई म्हणून भाग आहे, तिथे आपली माणसं इतकी की सूनबाईला कढीपत्ता शोधायला लांब जावं लागत नाही. 2025 च्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळींनी माझं कीर्तन ठेवलं. ते झालं, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, इथवर आलाच आहात तर इसेला जाऊन येऊ. जपानी माणसाचं ते पंढरपूर."

टोकियोहून नागोयापर्यंत शिनकानसेन, तिथून दुसरी गाडी. इसे हे मिए प्रांतातलं गाव. तिथे शिंतो पंथाची दोन मोठी देवस्थानं. शिंतो म्हणजे देवांची वाट. त्यांचा देव म्हणजे 'कामी'. तो डोंगरात असतो, धबधब्यात असतो, जुन्या झाडात असतो. अशा झाडाला गवताचा जाड दोर बांधतात, की इथे देव आहे, कुऱ्हाड लावू नका. आपल्या वटपौर्णिमेचा दोराही तोच, नाही का? फक्त आपण उपनगरवाले बाजारातून वडाची फांदी तोडून आणतो आणि तिला दोरा गुंडाळतो. असो.

दोनांपैकी नाइकू हे आतलं मंदिर अमातेरासूचं. ही त्यांची सूर्यदेवता, आणि देवी बरं का, पुरुष नाही. गेकू हे बाहेरचं मंदिर तोयोउकेचं. ती अन्नाची देवी, आणि सूर्यदेवीला जेवू घालणं हे तिचं काम. म्हणून रिवाज असा की आधी अन्नदेवीकडे जायचं, मग सूर्यदेवीकडे. हे ऐकलं आणि मला हायसं वाटलं. ज्या धर्मात स्वयंपाकघराला पहिला मान, तो धर्म परका कसा म्हणायचा?

आणि स्वयंपाक कसा, तेही ऐका. रोज दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, देवीला नैवेद्य. हा नेम सुमारे पंधराशे वर्षांचा सांगतात. विस्तव काडीपेटीचा चालत नाही. लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढायचा. आपले अग्निहोत्री अरणीमंथन करतात, तसंच. भात देवस्थानच्या शेतातला, मीठ देवस्थानच्या मिठागरातलं. नैवेद्यात मासे असतात, तांदळाची दारूही असते. नाक मुरडू नका. आमच्या कोकणातल्या गावदेवाला काय काय लागतं ते मी या पाटावरून सांगत नाही, एवढंच.

तर दर्शनाला निघालो. दारावर तोरी, म्हणजे आपलं महाद्वार म्हणा, पण नुसते दोन खांब नि वर आडव्या तुळया. शिरताना वाकायचं, आणि वाटेच्या मधून चालायचं नाही, कडेनं चालायचं. मधली वाट देवाची. पुढे पाण्याचं कुंड, त्यावर लांब दांड्याच्या पळ्या. आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची, आणि शेवटी पळी उभी धरून तिचा दांडाही धुवायचा, मागून येणाऱ्यासाठी. हे शेवटचं मला फार आवडलं. आपण आचमन करतो, पळी टाकतो, मागच्याचं त्याचं तो बघेल!

देवासमोर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. दोनच टाळ्या. माझ्यासारख्याचं अवघड झालं. दोन टाळ्या पडल्या की हात आपोआप तिसरी शोधतो. मुलानं डोळे वटारले.

पण दर्शन? दर्शन नाहीच हो! देवीचं प्रतीक म्हणजे एक आरसा. तो कुणी पाहत नाही. गाभाऱ्याभोवती एकाबाहेर एक अशी चार कुंपणं. आपण बाहेरच्या दारी उभे, समोर पांढरा पडदा. वारा आला तर तो जरा हलतो, आणि पलीकडे दिसतं गवतानं शाकारलेलं छप्पर. पंढरपूरला पायांवर डोकं ठेवायची आपली सवय. माझं मन खट्टू झालं. त्यात मुलगा म्हणतो, इथे स्वतःसाठी काही मागायचं नाही, नुसतं आभार मानायचे. म्हटलं, एवढ्या लांब येऊन दिसायचं नाही, मागायचंही नाही?

परत फिरताना शेजारी पाहिलं. मंदिराच्या जागेएवढीच दुसरी जागा. मोकळी. पांढऱ्या नि करड्या दगडगोट्यांनी भरलेली, आणि मध्ये एक एवढीशी लाकडी खोपी. बस्स. मी अस्सल मुंबईकर. मी विचारलं, "काय रे, रीडेव्हलपमेंट अडकली का? बिल्डर पळाला की काय?"

मुलगा पोट धरून हसला आणि मग त्यानं सांगितलं. ऐका, हा आजचा विषय.

हे मंदिर दर वीस वर्षांनी नवं बांधतात. जुनं मंदिर जिथे असेल त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर, तसंच्या तसं. तीच मापं, तेच लाकूड, तेच गवत. नवं घर आधी उभं राहतं, मग देवी रात्रीच्या अंधारात, दिवे मालवून, पांढऱ्या रेशमाच्या आडोशानं तिकडे जाते. मग जुनं उतरवतात. देवीला ट्रान्झिट कॅम्पात राहावं लागत नाही! पहिल्यांदा हे झालं सन 690 मध्ये. बासष्टावं झालं 2013 च्या ऑक्टोबरात. पुढचं 2033 साली, आणि त्याचे विधी 2025 पासून सुरूसुद्धा झाले, कारण तयारीलाच आठ वर्षं लागतात. त्या खोपीत खालच्या मंदिराचा मधला खांब झाकून ठेवलेला असतो. म्हणजे जागा मोकळी दिसते, ओस नसते.

वीसच वर्षं का? हिनोकी नावाचं देवदारासारखं लाकूड, त्याला रंग नाही, रोगण नाही. खांब पायावर बसवलेले नाहीत, थेट मातीत रोवलेले. ते कुजणारच. दगडाचं बांधलं असतं तर हजार वर्षं टिकलं असतं. त्यांना बांधता येत नव्हतं थोडंच! पण दगडाचं देऊळ एकदा बांधलं की बांधणाऱ्याचं काम संपलं. इथे काम संपतच नाही. सुमारे दहा हजार झाडं लागतात. सोळाशेच्या आसपास वस्तू नव्यानं घडतात, देवीची वस्त्रं, तलवारी, आरसे. कापड विणणारा हवा, लोहार हवा, गवत शाकारणारा हवा. आणि सुतार. तिथे असं सांगतात, की सुताराच्या आयुष्यात हा योग दोनतीनदा येतो. विशीत तो हाताखाली राबतो. चाळिशीत मुख्य होतो. साठीत तो हत्यार खाली ठेवून बाजूला उभा राहतो आणि तरण्या हाताला सांगतो.

आणि झाडांचं काय? 1923 साली त्यांनी देवस्थानच्या रानात दोनशे वर्षांची लागवड ठरवली. दोनशे! लावणाऱ्यानं आपल्या झाडाचा खांब झालेला बघायचा नाही, त्याच्या नातवानंही नाही. पण 2013 ला सुमारे पाव लाकूड त्या रानातून मिळालं.

खंड पडला नाही असंही नाही हं. लढायांच्या काळात शंभरावर वर्षं हे राहून गेलं. तेव्हा कोण उठलं? बौद्ध भिक्षुणी! सेइजुन नावाची साध्वी झोळी घेऊन गावोगाव फिरली, आणि 1563 ला गेकूचं मंदिर पुन्हा उभं राहिलं. देऊळ शिंतोंचं, झोळी बौद्ध बाईची. आम्ही झोळीचीच माणसं, आम्हांला तिची किंमत कळते.

यात्रेकरूही आपल्यासारखेच. गावोगाव मंडळं असत, सगळ्यांनी पैसे घालायचे आणि चिठ्ठी निघेल त्यानं सगळ्यांच्या वतीनं इसेला जायचं. भिशीच की! आणि ज्याला अगदीच जमत नसे तो आपला कुत्रा पाठवी. खरं सांगतो. गळ्यात पैशांची पुरचुंडी, वाटेतले लोक त्याला खाऊ घालत, पुढच्या माणसाबरोबर लावून देत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ती कथा आपण सांगतो. हे कुत्रं मला त्याचंच चुलत भावंडं वाटलं.

आता जरा माझ्याकडे येतो. सांगायला जड आहे.

त्या मोकळ्या जागेपुढे मी उभा होतो आणि बोटं मोजत होतो. विशी, चाळिशी, साठी. विशीत मी गुरुजींच्या मागे झांज घेऊन उभा. चोविसाव्या वर्षी घाटकोपरच्या एका देवळात ऐन पूर्वरंगात गुरुजी थांबले, आपलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "पुढचं तू." माझे पाय लटपटत होते. मी चुकलो, ते हसले, सांभाळून घेतलं. चाळिशी माझी झाली, तुम्ही सर्वांनी साजरी केलीत. आता सहासष्टावं चालू आहे. माझ्या मागे कोण आहे?

होता एक. भांडुपचा मुलगा. सतराव्या वर्षी आला, नऊ वर्षं माझ्या मागे झांज धरली. एकदा बोरिवलीला रामनवमीच्या उत्सवात माझा घसा बसला होता. तो हळूच म्हणाला, "बुवा, आज पूर्वरंग मी करू का?" मी काय म्हणालो? सगळ्यांदेखत म्हणालो, "आधी झांज नीट धर." लोक हसले. तोही हसला. पुढच्या आठवड्यात आला नाही. नंतरही नाही.

सात वर्षं झाली त्याला. आणि ही सात वर्षं मी या पाटावरून काय सांगत होतो, आठवतंय? "नवी पिढी कीर्तनात येत नाही हो!" आणि तुम्ही माना डोलवत होतात. माझ्या शेजारची जागा मीच अडवून बसलो होतो. तिच्यावर माझीच खुर्ची, माझंच उपरणं वाळत घातलेलं.

मुंबईला उतरलो, आणि चार दिवसांनी रिक्षा करून भांडुपला गेलो. फोन करायचं धैर्य झालं नाही, फोनवर नको म्हणणं सोपं असतं. त्याची बायको म्हणाली, बसा. त्यानं पाया पडायला वाकायच्या आत मीच हात जोडले. तो म्हणाला, "बुवा, झांज आहे अजून. पण पाठांतर सुटलंय." म्हटलं, "माझंही सुटत चाललंय. दोघं मिळून पुरं करू." तीन महिने तो ऑफिस सुटल्यावर घरी येतोय. त्याची चाल माझ्यासारखी नाही. आख्यान लावण्याची पद्धत वेगळी आहे. दोनदा मी टोकणार होतो. जीभ चावली.

आज उत्तररंगात नामदेवांचं आख्यान आहे, गोरोबाकाकांनी मडकं कच्चं ठरवलं तिथपासून विसोबा खेचरांपर्यंत. ते मी लावणार नाही. तो लावेल. त्याचं नाव तोच सांगेल.

बुक्का आणा. हार माझ्या गळ्यात नको, इकडे, त्याच्या. पेटीवाले, त्याची पट्टी काळी दोन आहे, माझी धरू नका. आणि ती झांज द्या माझ्याकडे.